ओट्यावरचा उजेड कुणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या संघटनेच्या एका शिबिरात आम्ही बायकांना कागद-पेन्सिल दिली आणि आपापलं स्वयंपाकघर काढायला सांगितलं. ओटा कुठे, मोरी कुठे, शेगडी कुठे आणि दिवा कुठे. शिबिराचा विषय होता घरावरचा बाईचा हक्क. हा खेळ सकाळची मरगळ जावी एवढ्यासाठीच घेतला होता. पण कागद भिंतीवर लावले आणि चर्चा तिथेच अडकली. दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्याजणींचा दिवा पाठीमागे! कुणाचा छताच्या मधोमध, कुणाचा मागच्या भिंतीवर. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजेड आपल्या पाठीवर पडतो आणि आपली सावली परातीवर, पोळपाटावर, चिरायला घेतलेल्या भाजीवर. साठीच्या एक मावशी बराच वेळ आपल्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे आजवर मी माझ्याच सावलीत भाजी चिरली की!” सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत.

मीही हसले आणि लगेच ओशाळले. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून दहा-बारा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. गृहभेटीच्या नोंदीत ‘घरात वीज आहे / नाही’ हा रकाना मी कितीतरी वेळा भरला असेल. तो दिवा घरात नेमका कुठे आहे, त्याच्या उजेडात कोण बसतं आणि अंधारात कोण उभं राहतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण जरा आठवून पाहा. पालेभाजीत अळी राहते, तांदळात खडा राहतो, आणि तो पानावर बसलेल्याच्या दाताखाली आला की ‘डोळे फुटले का?’ हे बाईलाच ऐकावं लागतं. बोट कापतं. तापलेल्या कढईच्या कडेला मनगट टेकतं. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही त्यावर चष्मा मिळतो, पण वाढत्या वयात डोळ्याला मुळात उजेडच जास्त लागतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तेव्हा ‘आईंना आता दिसत नाही’ असं घरात म्हटलं जातं, त्यात थोडा दोष डोळ्यांचा आणि बराचसा भिंतीवरच्या ट्यूबचा असतो.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. आपली ही जवळजवळ पाच तासांची पाळी झाली. त्यातली बरीचशी ओट्यापाशीच. आता कारखाने कायदा, १९४८ उघडून पाहा. त्याचं १७ वं कलम उजेडाबद्दल होतं. कामाच्या जागी पुरेसा उजेड हवा, हे तर त्यात होतंच. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून डोळ्यांवर चकाकी येऊ नये, आणि डोळ्यांना ताण पडेल किंवा अपघाताचा धोका होईल अशी सावली पडू नये, याची तजवीज शक्य तेवढी करावी, असंही त्यात म्हटलं होतं. सावलीचा विचार कायद्याने कारखान्यातल्या कामगारासाठी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी केला. ओटा कारखाना नाही, म्हणून तिथली सावली ही सावलीच नाही!

आमच्या आईचं घर सोलापुरात, १९८० च्या दशकात बांधलेल्या एका सोसायटीत आहे. तीन वर्षांपूर्वी भावाने घराचं काम काढलं. जुना कडाप्प्याचा ओटा गेला, चकचकीत काळा ग्रॅनाइट आला, वर लाकडी कपाटं आली. त्याच वेळी बैठकीच्या खोलीला पीओपीचं छत झालं, त्यात दडवलेले दिवे बसले आणि ते रिमोटने मंद करायची सोय झाली, कारण टीव्ही बघताना डोळ्यांवर ताण येतो. कुणाच्या, ते सांगायला नको. स्वयंपाकघरातली ट्यूब होती तिथेच राहिली. उलट ओट्यावर पहिल्यापेक्षा जास्त अंधार झाला, कारण आता बाईच्या सावलीत वरच्या कपाटाची सावली मिळाली. शिबिरानंतर मी घरी विषय काढला तेव्हा भाऊ खरोखरच चकित झाला. “पण आई कधी बोलली नाही!” हे खरं होतं. आई बोलली नव्हती. वहिनीही बोलली नव्हती. वहिनी भाजीचं ताट घेऊन बाल्कनीत जाऊन बसायची, आणि तिला बाल्कनी आवडते असं आम्ही सगळे समजत होतो.

आपल्या चळवळीने स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही असं नाही. १९७२-७३ मध्ये मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, रॉकेल, रेशन, पाणी यांवर मोर्चे निघाले. १९८० च्या दशकात निर्धूर चुलींच्या मोहिमा झाल्या, चुलीचा धूर बाईच्या छातीत जातो हे आपण गावोगाव सांगत फिरलो. पण त्या चुलीपुढच्या उजेडाबद्दल आपण काही मागितल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं याचं एक कारण असं की वीज ही ‘पुरुषांच्या खात्यातली’ गोष्ट आहे, हे आपणही मनोमन मानून बसलो आहोत. बल्ब गेला तर मुलाला हाक मारायची. फ्यूज उडाला तर शेजारच्या भाऊजींना. या अंकांमधून आपण कायद्याची कलमं, गर्भनिरोधकं, पोटगीचे अर्ज सगळं तपशिलाने छापलं. वायरींबद्दल मात्र नाही. म्हणून आईच्या ओट्यावर आम्ही काय काय केलं, कुठे चुकलो, ते मी आज तपशिलाने लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधले परिच्छेद गाळावेत, पण एकदा तरी परत येऊन वाचावेत.

ठरलं असं की वरच्या कपाटांच्या तळाला दिव्याची पट्टी लावायची. उजेड आपल्या आणि ओट्याच्या मधून, वरून खाली पडला की सावलीचा प्रश्नच मिटतो. पहिल्यांदा बोलावलेल्या मुलाने दारातच विचारलं, “सर घरी कधी असतात?” मी म्हटलं, पैसे आम्ही देणार, ओट्याशी आम्ही उभ्या राहणार, काय ते आम्हाला सांगा. त्याने मान डोलावली, माप घेतलं आणि खाली जाऊन भावाला फोन केला. त्याला आम्ही पुन्हा बोलावलं नाही. दुसरे आले ते परवाना असलेले, साठीकडे झुकलेले वायरमनकाका. काम करताना मोठ्याने बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे आमची शाळाच झाली.

त्यांनी आईला विचारलं, “घरात रबरी चपला का घालता?” आईने सांगितलं, फ्रिजला हात लावला की चुणचुणतं. हे कितीतरी वर्षं चालू होतं. ‘ओल्या हाताने उघडतेस’ असं तिला घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी सांगितलं होतं. मीसुद्धा. काकांनी पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब काढला. फ्रिजच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला वायरी टेकवल्या, बल्ब लख्ख पेटला. मग फेज आणि वरच्या मोठ्या भोकातल्या अर्थला टेकवल्या. बल्ब पेटला नाही. ओट्यावरच्या सॉकेटला तसंच केलं. तिथेही नाही. सॉकेट उघडल्यावर दिसलं, भोकं तीन आणि वायरी दोनच! हिरवी वायर, म्हणजे अर्थची, स्वयंपाकघरापर्यंत आणलेलीच नव्हती. बैठकीच्या खोलीत ती होती.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबायला हवं. अर्थची वायर कशासाठी असते? फ्रिज, गीझर, इस्त्री, कपड्यांचं मशीन यांच्या धातूच्या अंगावर काही बिघाडाने वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी म्हणून. ती वाट नसेल तर पहिल्यांदा हात लावणारं माणूसच तिची वाट होतं. ओली फरशी, अनवाणी पाय, पाण्याचे हात ही तर आपली रोजचीच अवस्था. आता बहुतेक घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असतात, आणि ‘एमसीबी आहे, आता काळजी नाही’ असं आपल्याला सांगितलं जातं. ते चूक आहे. एमसीबी वायर वाचवतो. वायरीतून तिला झेपेल त्याहून जास्त वीज जायला लागली की तो पडतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या कितीतरी कमी वीज पुरते, तेवढ्याने तो हलतही नाही. माणसाला वाचवण्यासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. जाणारी आणि परतणारी वीज ते सतत ताडून पाहतं, आणि ३० मिलिअँपिअरइतकी वाट चुकली तरी क्षणार्धात पुरवठा तोडतं. एका बऱ्या साडीच्या किमतीत येतं. त्याच्यावर चाचणीचं बारीक बटण असतं, ते महिन्या-दोन महिन्यांनी दाबून पाहायचं. दाबल्यावर वीज गेली तर ठीक, नाही गेली तर ते उपकरण बदलायचं. हे बटण दाबायला कुणा सरांची वाट पाहावी लागत नाही.

काकांनी स्वयंपाकघरात अर्थची वायर ओढली आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी बसवला. दीड दिवस लागला. त्या आठवड्यात दिव्याचं काम झालंच नाही, पण नुसत्या दिव्याच्या निमित्ताने हे उघडं पडलं. आईने चपला अजून सोडलेल्या नाहीत. सवय.

कायद्याचंही सांगून ठेवते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम असा होता की बल्ब, फ्यूज, बटण, पंखा असल्या वस्तू आहे त्या जागी बदलणं सोडून बाकीचं वायरिंगचं काम परवानाधारकानेच करायचं. ते नियम नंतर बदलले तरी सूत्र तेच राहिलं आहे. म्हणून भिंतीतल्या २३० व्होल्टच्या वायरींना आम्ही हात लावला नाही. कपाटाच्या आत एक नवा पॉइंट काकांनी काढून दिला. बटणातून लाल वायर, म्हणजे फेज, तोडली जाते आहे ना, हे त्यांनी आईला टेस्टर धरायला लावून दाखवलं. काही ठिकाणी चुकून न्यूट्रल तोडलेली असते. मग बटण बंद असलं तरी दिव्यापाशी वीज असतेच, आणि पुसायला गेलेल्या बाईला ती भेटते. त्या पॉइंटच्या पुढचं १२ व्होल्टचं काम मात्र आम्ही तिघींनी केलं, आई, वहिनी आणि मी.

एलईडीची पट्टी थेट घरच्या विजेवर चालत नाही. मध्ये २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा ॲडॉप्टर लागतो, दुकानात त्याला ड्रायव्हरही म्हणतात. तो केवढा घ्यायचा हे गणित सोपं आहे. आम्हाला शेगडीच्या वरचा भाग सोडून दोन तुकडे मिळून आठ फूट, म्हणजे साधारण २.४ मीटर पट्टी लागणार होती. शेगडीवर वाफ, तेलकटपणा आणि उष्णता असते, तिथे पट्टी किंवा वायर नको. आमची पट्टी मीटरला १० वॅटची, म्हणजे एकूण २४ वॅट. १२ व्होल्टला ते २ अँपिअर होतात. ॲडॉप्टर काठोकाठ घेऊ नये, तापतो. आम्ही ३ अँपिअरचा, म्हणजे ३६ वॅटचा घेतला आणि हवा लागेल असा कपाटात ठेवला, डब्यांच्या मागे कोंबला नाही. रोज चार तास लावलं तरी महिन्याला जेमतेम तीन युनिटं जळतात. ‘बिल वाढेल’ म्हणणाऱ्यांना हे सांगावं.

दोन चुका केल्या. पट्टी पहिल्यांदा कपाटाच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत चिकटवली, कारण तिथे ती दिसत नाही. उजेड सगळा टाइल्सवर! टाइल्स सुंदर दिसल्या, ओटा अंधारातच. मग काढून पुढच्या कडेच्या आत लावली आणि समोरून डोळ्यात येऊ नये म्हणून दीड इंचाची लाकडी पट्टी आड बसवली. तरीही काळ्या ग्रॅनाइटमध्ये दिव्यांचे ठिपके आरशासारखे चमकत. कारखाने कायद्यातली चकाकी ती हीच. त्यावर उपाय म्हणजे ॲल्युमिनियमची पन्हळ, तिला दुधी झाकण असतं. पट्टी तिच्यात बसवली की ठिपक्यांची सलग रेघ होते, आणि पट्टीची उष्णताही ॲल्युमिनियममधून निघून जाते.

दुसरी चूक महागात पडली. उजेड कमी-जास्त करायचा म्हणून मी पंख्याच्या रेग्युलेटरसारखा दिसणारा, भिंतीतला डिमर आणला. काकांकडून तो बसवून घेतला. ‘जमणार नाही हां’ असं ते म्हणाले होते, माझाच हट्ट. तो डिमर ॲडॉप्टरच्या अलीकडे, २३० व्होल्टच्या बाजूला होता. जुन्या तारेच्या बल्बांना तो चालायचा. तो विजेच्या लाटेचा थोडा थोडा भाग छाटून टाकतो. साध्या ॲडॉप्टरला ती छाटलेली वीज पचत नाही. दिवे लुकलुकले, ॲडॉप्टर गुंगुं करू लागला आणि तिसऱ्या दिवशी मेला. अशा पट्टीचा डिमर ॲडॉप्टरच्या पलीकडे, ॲडॉप्टर आणि पट्टी यांच्या मध्ये, १२ व्होल्टच्या बाजूला बसतो. त्याची रीत वेगळी. तो वीज छाटत नाही, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वेळ कमी केला की डोळ्याला उजेड मंद वाटतो. अगदी स्वस्त डिमरमध्ये ही उघडझाप संथ असते, काहीजणींचं डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून पाहावा, काळे पट्टे सरकताना दिसले तर बदलून घ्यावा. आणि अधिक-उणे उलटं जोडलं तर पट्टी पेटत नाही, घाबरू नये, सरळ करावं. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण सैल जोड तापतो आणि आग लागू शकते. म्हणून वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी लावायची नाही, जोड डाक देऊन किंवा कनेक्टरने घट्ट करायचा. डाक वहिनीने दिला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. दोन्ही तुकड्यांना डिमरपासून वेगवेगळी वायर नेली, एकामागे एक जोडले असते तर मोरीकडचा तुकडा फिका पडला असता.

रंगाचंही बघावं. पाकिटावर ६५०० के लिहिलेली पट्टी निळसर पांढरी, ३००० ची पिवळसर, आम्ही ४००० ची घेतली. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय. तो ९० च्या आसपास असेल तर रंग खरे दिसतात. कमी असला की कांदा तांबूस झाला की करपायला लागला हे कळत नाही. हा आकडा दुकानदार आपण होऊन सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. डिमर हवाच कशाला? बैठकीत एका तरुण कार्यकर्तीने हाच प्रश्न विचारला, आणि तिखट विचारला. मी सांगत होते की एका खोलीच्या घरात पहाटे पाचला डबे करणारी बाई मोठा दिवा लावत नाही, कारण बाकीची माणसं झोपलेली असतात. ती मोबाइलच्या उजेडात किंवा शेगडीच्या ज्योतीच्या उजेडात कणीक मळते. ओट्यापुरता, हवा तेवढाच उजेड पडला तर तिला दिसेल. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे घरच्यांची झोप न मोडता बाईने अजून लवकर उठावं, याचीच ही सोय! तुम्ही तिच्या कामाला दिवा लावताय, काम वाटून देत नाही.”

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं नवं नाही आणि खोटंही नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुविशारदाने स्वयंपाकघराचा एक आराखडा केला. बाईची पावलं आणि श्रम वाचावेत म्हणून एकेक माप विचारपूर्वक घेतलेलं. त्यात छताला पट्टी बसवून तिच्यावर मागे-पुढे सरकवता येणारा दिवा होता, म्हणजे जिथे काम तिथे उजेड. सुमारे दहा हजार घरांत ते स्वयंपाकघर बसलं. पुढे १९७० च्या दशकात तिथल्या स्त्रीवाद्यांनी त्यावर टीका केली की सोयीच्या नावाखाली हे एकट्या बाईला छोट्या खोलीत कोंडणं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सोय करून दिली की काम तिच्याच गळ्यात पक्कं होतं, हा धोका आहेच. पण ‘आधी कामाची वाटणी, मग उजेड’ असं म्हणणारीच्या घरी बहुधा उजेड असतो. ज्या मावशींनी चाळीस वर्षं स्वतःच्या सावलीत भाजी चिरली त्यांना मी ‘अजून थोडं थांबा’ असं सांगणार नाही. वाटणीचं भांडण चालू ठेवूच. आमच्या घरी तेही सुरू झालं आहे. भाऊ आता आल्या-गेल्याला डिमर फिरवून दाखवतो. कांदा अजून चिरत नाही.

डिमरचं बटण कुठे बसवायचं यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी पट्टीवर झाली नाही. भावाचं म्हणणं, मुख्य बोर्डावर, बाकीच्या बटणांशेजारी, नीट दिसेल. आईने ते ओट्याच्या डाव्या टोकाला, कपाटाच्या खाली, उंची तिच्या खांद्याएवढी अशा जागी बसवून घेतलं. पिठाचा हात असला तरी कोपराने फिरवता येतं. आईला उजेड लख्ख लागतो, वहिनीला थोडा कमी. रात्री कुणी पाण्याला उठलं तर अगदी मंद ठेवलेला असतो. ज्या हाताला काम आहे त्या हाताजवळ बटण, एवढीच मागणी होती, आणि तिच्यासाठी दोन दिवस वाद घालावा लागला.

हे वाद आपल्या घरापुरते नसतात, ते मला पुढच्या बैठकीत कळलं. आमच्या संघटनेत स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बऱ्याचजणी आहेत. त्यातल्या एक ताई एका मोठ्या सोसायटीत सकाळी साडेसहाला पोळ्या करायला जातात. तिथे ओट्यावर कपाटाखाली सुंदर दिवे आहेत, मंद-तेज होणारे. ताईंनी ते एकदाच पेटलेले पाहिले, पाहुणे आले होते तेव्हा. रिमोट बैठकीच्या खोलीत असतो. छताचा दिवा लावून, पाठीमागच्या उजेडात त्या वर्षभर तिथे पोळ्या लाटत होत्या. विचारायची हिंमत झाली नाही, ‘उगाच हात कशाला लावला’ म्हणतील म्हणून. त्या घरातली बाई आपल्यातलीच आहे, सभांना येणारी. ताईंनी शेवटी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.” आता रिमोट फ्रिजवर असतो. पगारी रजा आणि बोनस मागायला आपण शिकवतो, ते बरोबरच आहे. ज्या घरात आपण मालकीण असतो तिथे ओट्यावरच्या बाईला दिवा दाखवला आहे का, हे आपण प्रत्येकीने जाऊन बघावं.

शिकण्याच्या बाबतीत कुणी ‘आपल्याला जमेल का?’ म्हणू नये. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या बायकांनी हातपंप दुरुस्त करायला शिकून घेतलं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात लिहिता-वाचता न येणाऱ्या, नातवंडं असलेल्या बायका सौरदिव्यांची सर्किटं जोडतात. आपल्याकडे आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्रीचे वर्ग आहेत, त्यात मुली घालण्यासाठी आपण गावात कधी आग्रह धरला? शिलाई आणि ब्युटीपार्लरचे वर्ग मात्र आपणच चालवतो.

पोळ्यांच्या त्याच ताईंनी बैठक संपल्यावर मला बाजूला घेतलं. त्यांचा स्वतःचा ओटा तीन फुटांचा. गणित आम्ही तिथेच केलं, पट्टी ९ वॅटची, १२ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडॉप्टर पुरे. परवा जाऊन बसवूनही आलो, बारका डिमर त्यांच्या मुलीने जोडला. पण त्यांचं घर पत्र्याचं, वीज शेजारच्या मीटरवरून ओढलेली, सहा घरं मिळून एक लाइन, आणि अर्थचा पत्ता नाही. पाऊस लागला की पत्र्याच्या भिंतीला हात लावायचा नाही असं त्यांनी मुलांना बजावून ठेवलं आहे. ताईंच्या स्वतःच्या नावाने मीटर मिळावा म्हणून अर्ज केला आहे. ‘मालकांच्या नावाने आणा’ म्हणून तो एकदा परत आला, दुसऱ्यांदा राहण्याचा पुरावा अपुरा म्हणून. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही तिसऱ्यांदा वीज कचेरीत जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी साडेदहाला संघटनेच्या खोलीवर जमावं.